पुळणीवर मुक्काम कोठे टाकावा?

भाताची झोडणी आटोपली, हरभरा वर आला, कारखान्याची तोड अजून आपल्या फडाला लागायची आहे, अशा मोकळ्या चार दिवसांत घाटावरची पुष्कळ मंडळी हल्ली कोकणात उतरतात. एखादी जीप किंवा टेम्पो, दोन पातेली, तांदूळ, मसाल्याची बरणी आणि बाजारातून आणलेल्या गळाच्या काठ्या. दिवसा देवदर्शन, रात्री पुळणीवर मुक्काम आणि लाटेत गळ टाकून मासे धरायचे, असा बेत असतो. बेत चांगला आहे. वर्षभर मातीत राबणाऱ्याने दोन दिवस समुद्राचे वारे खावे, घरच्या मंडळींनाही न्यावे. आंबा-नारळाच्या कामानिमित्त किनाऱ्याच्या गावांतून माझी बरीच पायपीट झाली आहे, म्हणून निघण्यापूर्वी लोक मला विचारतात, "साहेब, तंबू कुठं ठोकायचा?" विचारताना बहुतेकांच्या मनात एवढेच असते की मासा कोठे लागेल.

घोटाळा तेथेच होतो. मासा लागण्याची जागा आणि झोपण्याची जागा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एवढेच नव्हे, तर जी जागा गळाला उत्तम ती मुक्कामाला बहुधा वाईट.

असे का, ते समजून घेऊ. पुळण वरून सपाट दिसली तरी पाण्याखाली ती नांगरलेल्या रानासारखी उंचसखल असते. किनाऱ्याला समांतर वाळूचा दांडा असतो, त्यावर लाट फुटते. दांडा आणि काठ यांच्यामध्ये पन्हळ असते. फुटलेल्या लाटेचे पाणी काठाला येते आणि पन्हळीतून वाहत जाऊन दांड्याला जेथे खिंड पडलेली असते तेथून परत समुद्रात शिरते. वाळूतले किडे, बारीक कोळंबी, शिंपल्यांचा जीव हे सारे त्या पाण्याबरोबर ओढले जाते आणि ते खायला मासा खिंडीच्या तोंडाशी येऊन थांबतो. काठावरून पाहिले तर दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये एक पट्टा शांत, थोडा गडद रंगाचा दिसतो. गळ टाकायचा तो या पट्ट्याच्या कडेला. नवखा माणूस मात्र तेथेच आंघोळीला उतरतो, कारण तेथे लाट फुटत नाही. ती ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. तिच्यात कोणी सापडलाच तर त्याने काठाच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर, फेसाच्या बाजूला सरकावे, म्हणजे लाटच त्याला आत आणते.

पावसाळा सरला की समुद्र निवळतो, मग धोका नाही, असा समज घाटावर फार आहे. रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले तो दिवस १ फेब्रुवारी २०१६ चा. मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावकडील ८ जण गेले ते १५ एप्रिल २०१७ रोजी. दोन्ही वेळा पावसाचा थेंबही नव्हता. यास्तव बायकामुले बरोबर असतील तर मुक्कामाची जागा अशा शांत पट्ट्यासमोर धरूच नये. मुले तंबूतून बाहेर पडली की समोरच्या पाण्याकडे धावणार, हे गृहीत धरावे.

पंचांग बरोबर ठेवा

आता तिथीचे गणित. शेतकऱ्याच्या घरी पंचांग किंवा दिनदर्शिका असतेच. समुद्रालाही तीच चालते. आजची जी तिथी असेल तिची पाऊणपट करा; जे उत्तर येईल त्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास एक पूर्ण भरती आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे दुसरी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष बदलला की प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. गावागावात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा तेथल्या माणसाला विचारून घ्यावे. मोबाइलवर मिनिटामिनिटाचे वेळापत्रक मिळते, तेही पाहावे; पण मोबाइल बंद पडला तरी तिथी विझत नाही.

अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर एकदोन दिवस उधाण असते. पाणी पार वर चढते आणि पार खाली जाते. अष्टमी-नवमी-दशमीला भांग असतो. पाणी थोडे चढते, थोडे उतरते, ओढही कमी. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास गळाला उत्तम. म्हणून मी तरी सर्वांना शुद्ध नवमी-दशमी सुचवतो. भरती संध्याकाळी सात-साडेसातला पूर्ण, म्हणजे दिवेलागणीला मासा काठाशी. भांगामुळे पाणी मर्यादेत. आणि दशमीचा चंद्र रात्री दोनच्या सुमारापर्यंत उजेड देतो. एकादशी यासाठी वाईट नाही, पण ज्यांच्या घरी माळ आहे त्यांना ते सांगून काय उपयोग! त्यांच्या घरच्या ज्या मंडळींना मासा चालतो त्यांनी वार पाहून नवमी धरावी.

बहुतेक मंडळी निघतात ती मात्र पौर्णिमा बघून. चांदण्यात वाळू चकाकते, हे खरे. पण पौर्णिमेला भरती पूर्ण होते मध्यरात्रीच्या सुमारास, सगळे गाढ झोपेत असताना. शिवाय एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्याच्या तोंडाला उधाणाची दुपारची भरती मोठी असते; थंडीच्या दिवसांत ते उलटते आणि रात्रीची भरती मोठी होते. मुंबईकडे मार्गशीर्ष-पौषाच्या उधाणात रात्रीचे पाणी दुपारच्या पाण्यापेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक चढते. अर्धा मीटर म्हणजे काय ते आपल्या बांधबंदिस्तीच्या हिशेबाने पाहा. पुळणीचा उतार चाळीसास एक असेल तर पाणी वीस मीटर जास्त आत येणार. दुपारी केराची ओली ओळ पाहून, तिच्या वर दहा पावले सोडून तंबू ठोकला तर आपण सुरक्षित आहोत असे वाटते, आणि रात्री बारा वाजता अंथरूण भिजते. अंथरूण भिजण्यावर निभावले तर नशीब. अंधारात पोरे शोधायची, जीपची चाके ओल्या वाळूत रुतलेली, चपला वाहून गेलेल्या, असे प्रसंग दर हिवाळ्यात कोठे ना कोठे घडतात.

वेलीची खूण

मग वर किती जावे? यासाठी एक वेल कामाला येते. पुळणीच्या माथ्यावर वाळूत पसरलेली, दुभंगलेल्या पानांची, जांभळ्या-गुलाबी फुलांची ही वेल. फूल पाहाल तर रताळ्याच्या कुळातली आहे हे लगेच ओळखाल. कोकणात तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राने आपली मर्यादा ओलांडू नये म्हणून ती आहे, अशी लोकांची समजूत. वनस्पतिशास्त्राच्या बाजूने पाहिले तर एवढेच, की खारे पाणी जेथे रोज लोळते तेथे ती जुनी होऊन पसरू शकत नाही. जाड खोडाची जुनी वेल दिसली की तिच्याही मागे, जमिनीच्या बाजूला मुक्काम करावा. तिच्यावर मात्र तंबू ठोकू नये, ती उपटूही नये. त्या वेलीनेच वाळू धरून ठेवलेली असते. जेथे वेल मुळांसकट उघडी पडून लोंबते आहे, वाळूचा उभा कडा तुटलेला आहे, तेथे समुद्र नुकताच येऊन गेला असे समजावे आणि दुसरी जागा पाहावी.

खाडीच्या तोंडाची गोष्ट आणखी वेगळी. रावस, जिताडा, तांबोशी ही नावाजलेली मासळी खाडीच्या तोंडाशी फिरते, म्हणून हौशी लोक तेथेच जातात. ओहोटीला तेथे वाळूचा ऐसपैस उंचवटा उघडा पडतो. कोरडा, स्वच्छ, दोन्हीकडे पाणी. बिऱ्हाड मांडावे असाच. सिंधुदुर्गातल्या अशाच एका मुखाशी घाटावरच्या सात-आठ जणांनी चूल पेटवलेली मी पाहिली आहे. मी सांगून थकलो, त्यांना पटेना. उंचवटा खरोखरच आजूबाजूच्या वाळूपेक्षा कमरेएवढा उंच होता. तेवढ्यात जाळे खांद्यावर टाकून एक म्हातारा गाबीत चालला होता, तो थांबला. म्हणाला, "हंयसर रवू नकात रे. पाणी फाटसून येता." पाणी पाठीमागून येते! समोरच्या लाटांकडे सगळ्यांचे डोळे, पण भरतीचे पाणी आधी मागच्या सखल ओहोळात शिरते. उंचवटा शेवटपर्यंत कोरडाच राहतो. फक्त परतीची वाट बुडते. पातेली उचलून ती मंडळी अलीकडे येईपर्यंत मघाशी पाय न भिजवता ओलांडलेल्या ओहोळात मांडीभर पाणी आणि चांगली धार झाली होती. त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

म्हणून खाडीच्या तोंडाशी गळ जरूर टाकावा, पण दिवसा, आणि पाठ खाडीकडे न करता. देवबागसारख्या ठिकाणी, जेथे एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली खाडी अशी चिंचोळी पट्टी आहे, तेथे तर वस्तीतल्या एखाद्या घरी सोय पाहणे हेच बरे. माझे मत विचाराल तर लहान मुले असतील तेव्हा कोठेही तंबूच्या भानगडीत पडू नये. किनाऱ्यालगतच्या वाडीत कोणाचे तरी सारवलेले खळे असते. मालकाला विचारावे, रीतसर पैसे द्यावेत. गोडे पाणी, आडोसा, बायांची सोय, सगळे तेथे होते. गळवाल्यांनी पाळीपाळीने पुळणीवर जावे.

झाडांखालीही सगळीकडे बसता येत नाही. नारळाखाली तंबू नको. नारळ पडतोच, पण वाळलेली झावळ त्याहून अधिक वेळा पडते आणि तिचे वजन थोडे नसते. सुरूचे बन सावलीला छान, पण खाली सुयांचा जो थर असतो तो काडेपेटीसारखा पेटतो. तेथे चूल अजिबात मांडू नये. चूल मांडायची ती उघड्या वाळूवर, तंबूच्या बाजूला पंधरा-वीस पावलांवर. संध्याकाळपर्यंत समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. चूल बाजूला असली म्हणजे कोणत्याही वाऱ्याने ठिणगी अंथरुणावर येत नाही.

जागा पक्की करण्यापूर्वी गावात दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला, येथे रापण लागते का? होडीतून जाळे अर्धगोल टाकून काठावरून दोन्ही दोर ओढतात ती रापण. त्यावर कित्येक घरांचे पोट असते. तुमचा तंबू दोराच्या वाटेत आला किंवा तुटलेला तंगूस आणि गळ जाळ्यात अडकला तर त्यांचे नुकसान. पहाटे रापण ओढताना दिसली तर खुशाल दोराला हात लावा. ताजी मासळी कोठे घ्यावी याची चौकशीही तेथेच होते. दुसरा प्रश्न कासवांचा. वेळास, आंजर्ले, गुहागर, वेंगुर्ल्याजवळची वायंगणी अशा पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री अंडी घालायला येतात. पुढे उन्हाळ्याकडे पिले निघतात आणि उजेडाच्या दिशेने धावतात. आपली शेकोटी आणि बॅटरी पाहून ती समुद्राऐवजी उलट दिशेला जातात. अशा पुळणीवर रात्रीचा मुक्काम नकोच. सकाळी जाऊन पाहावे, पोरांना दाखवावे.

गाडी येऊ शकेल असा रस्ता तंबूपासून फार लांब नसावा, याचेही कारण आहे. लाटेत गळाला शेंगाळा हमखास लागतो. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात. गळातून सोडवताना काटा हातात घुसला तर विंचवासारखी कळ येते. उथळ पाण्यात पाकट वाळूत दडून बसते आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारते; पाण्यात पाय घासत चालले म्हणजे ती आधीच बाजूला होते. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात किंवा पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, कळ पुष्कळ उतरते. त्यासाठी चुलीवर एक पातेले पाणी नेहमी तयार असावे. पाणी दुसऱ्याने हात घालून पाहावे. कळवळणाऱ्याला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, जखम छातीला-पोटाला असेल किंवा दम लागत असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

सकाळी निघताना चुलीतले निखारे वाळूने बुजवू नका. वाळूखाली ते कित्येक तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही, आणि रापणीचे लोक अनवाणी येतात. समुद्राचे दोन घागरी पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेला हात लावून पाहा.