पुदिन्याच्या तेलाचा मुक्काम

ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तीन कोरडे खडे एका बाटलीत एकत्र ठेवले, की थोड्या वेळात त्यांचे पाणी होते. अमृतधारा म्हणून ते घरोघरी माहीत आहे. यातला प्रत्येक पदार्थ दुसऱ्याचा वितळणबिंदू खाली आणतो. ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल, पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल. दोन्ही वनस्पतींच्या सुगंधी तेलांतून मिळतात. अशा तेलांना औषधाचे रूप देणे हे आधुनिक औषधनिर्मितीतले एक अवघड काम आहे. ते कसे चालते हे पाहायचे, तर पेपरमिंट तेलाची आतड्यात उघडणारी कॅप्सूल हा उत्तम नमुना आहे.

ही कॅप्सूल आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम) या आतड्याच्या विकारासाठी असते. पोटात मुरडा येतो, फुगारा धरतो, शौचाचे वेळापत्रक बिघडते, आणि तपासण्यांत मात्र काही सापडत नाही. तेलातला मेंथॉल आतड्याच्या स्नायुपेशींत शिरणारे कॅल्शियम अडवतो. कॅल्शियम कमी शिरले की स्नायू सैलावतो आणि पेटका सुटतो. हाच गुण जठरात अडचणीचा ठरतो. तिथे तेल मोकळे झाले, तर अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, आम्ल वर येते आणि छातीत जळजळते. म्हणजे एकच तेल दीड-दोन हात खाली उपाय असते आणि वर अपाय. माझ्या मते या औषधाचे सारे कौशल्य तेल कुठे उघडायचे, हे ठरवण्यात आहे.

पण आधी तेल ओळखावे लागते. उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल या भागांत शेतकरी ज्याला ‘मेंथा’ म्हणतात तो जपानी पुदिना. लखनौच्या सीमॅप संस्थेने त्याचे सुधारित वाण दिले, आणि त्याच्या तेलाचे वायदे मुंबईच्या एमसीएक्स बाजारात होतात. त्या तेलात मेंथॉल साधारण 70 ते 80 टक्के असतो. तेल गार केले की त्याचे स्फटिक वेगळे होतात. पेपरमिंट ही वेगळी, संकरित वनस्पती. युरोपीय फार्माकोपियानुसार, म्हणजे औषधांच्या प्रमाणसंहितेनुसार, तिच्या तेलात मेंथॉल 30 ते 55 टक्के आणि मेंथोन 14 ते 32 टक्के असावा लागतो. मेंथॉल काढून उरलेले मेंथ्याचे तेल स्वस्त असते आणि वासाने जवळचे, म्हणून भेसळीचा मोह होतो. तेलाचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीत आयसोपुलेगॉल हा घटक प्रमाणाबाहेर दिसला, की ती भेसळ उघडी पडते. तेलातला पुलेगोन हा आणखी एक घटक यकृताला घातक, म्हणून त्यालाही कमाल मर्यादा आहे. माती, पाऊस आणि कापणीची वेळ यांनी तेल दर हंगामाला बदलते, पण रुग्णाला मिळणारी मात्रा बदलून चालत नाही. म्हणून ही तपासणी प्रत्येक खेपेला नव्याने करावी लागते.

पुढची अडचण तेलाच्या स्वभावाची. ते उडते, हवेने खराब होते, पाण्यात विरघळत नाही आणि बारीकशा फटीतूनही पाझरते. कोल्पर्मिन या जुन्या आणि प्रसिद्ध कॅप्सूलमध्ये 0.2 मिलिलिटर तेल असते. मधमाशीचे पांढरे मेण, शेंगदाणा तेल आणि अतिसूक्ष्म सिलिका घालून त्याचा दाट लगदा केलेला असतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी ती घेऊ नये, ही सूचना याच कृतीतून आली आहे.

कॅप्सूलवर मेथॅक्रिलिक आम्लाच्या पॉलिमरचा थर चढवतात. जठराच्या तीव्र आम्लात तो जसाच्या तसा राहतो. पुढे आतड्यात आम्लता उतरली, की पॉलिमरमधल्या आम्लगटांवर विद्युतभार येतो आणि थर विरघळतो. अशा आवरणाची नेहमीची परीक्षा कडक असते: कॅप्सूल आधी दोन तास सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टिकली पाहिजे, आणि मग 6.8 सामूच्या द्रावणात तासाभरात फुटली पाहिजे. या कॅप्सूलबरोबर आम्लपित्ताचे औषध घेऊ नका असे सांगतात ते याचसाठी. जठरातले आम्ल मारले, की आवरणाला आतडे आल्याचा भास होतो आणि ते तिथेच सुटते. कॅप्सूल चावून खाल्ली तर आवरणाचा उपयोगच संपतो.

तेल खरोखर उशिरा उघडते का? 1984 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी साध्या मऊ कॅप्सूलशी तुलना करून लघवीतून बाहेर पडणारा मेंथॉल मोजला, आणि आवरणाच्या कॅप्सूलमधून तो सावकाश येतो असे दाखवले. उपचार म्हणून आयबीएसच्या रुग्णांवरचा पहिला गाजलेला अभ्यास 1979 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये आला होता; त्यात तेलाला कौल मिळाला. पुढे नेदरलँड्समध्ये 190 रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. लहान आतड्यात उघडणारी आणि थेट मोठ्या आतड्याजवळ उघडणारी अशा दोन कॅप्सूल तिच्यात दिल्या होत्या. मुख्य निकषांवर दोन्ही खोट्या औषधाच्या स्पष्टपणे पुढे गेल्या नाहीत. मात्र लहान आतड्यात उघडणाऱ्या कॅप्सूलने पोटदुखीसह काही दुय्यम निकषांवर सुधारणा दाखवली. अमेरिकेतील पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये पेपरमिंटची शिफारस केली, पण पुरावा कमी दर्जाचा असल्याचेही त्याच ठिकाणी नोंदवले.

मला हा मोकळेपणा मोलाचा वाटतो. वनस्पतीचे आहे म्हणून बिनधास्त घ्या, असे हे औषध म्हणत नाही. त्याचे घटक मोजलेले आहेत, मात्रा ठरलेली आहे, अपाय लिहून ठेवले आहेत आणि यश किती, याचा हिशेब अजून चालू आहे. बाजारात सुगंधी तेलांच्या बाटल्या ‘शंभर टक्के नैसर्गिक’ एवढ्याच शब्दांवर विकल्या जातात, आणि लोक ती तेले पाण्यात थेंब थेंब टाकून पितात. आपल्या देशात पुदिन्याचे तेल अमाप निघते. त्याच्यावर इतकी मेहनत घेणारी औषधशाळाही इथे असावी, आणि दुकानात बाटली हातात घेणाऱ्याने विचारावे: यात काय, किती, आणि ते पोटात कुठे उघडणार? उत्तर नसेल, तर ते तेल वासापुरतेच ठेवावे.