खडीचा थर नको, गादीवाफा हवा

सुरतेत अंगणात भाजी लावू पाहणाऱ्याला हल्ली लाकडी चौकटी, पत्र्याच्या पेट्या, तयार कठडे असे बरेच काही विकत मिळते. उंच वाफ्याचा एक मोठा फायदा म्हणून सांगितले जाते की, हिवाळा सरताच त्यातली माती लवकर तापते. थंड देशांत हे खरेच कामाचे. सुरतेत माती तापवायला पैसे मोजायची गरज नाही. उलट मे महिन्यात पत्र्यालगतची मुळेच होरपळतात.

इथे उंची हवी ती पावसाळ्यासाठी. तापीकाठच्या काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यातल्या भेगा मिटतात आणि पाणी मुरणे जवळजवळ थांबते. हवा न मिळाल्याने मुळे सडतात. लिंबायत-उधन्यात स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांना ही जमीन नवी नाही. गावाकडे कांद्याचे रोप टाकायचे तर मीटरभर रुंद आणि साधारण 15 सेंटिमीटर उंच गादीवाफाच करतात. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने 1970च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली, तीही याच वळणाची: मीटरभराचा वरंबा, अर्ध्या मीटरची सरी. त्यात ना वीट, ना फळी!

मग तळाशी खडी घालावी का? निचरा वाढतो म्हणून अनेक जण हौसेने घालतात, आणि होते उलटेच. भिजलेला स्पंज आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळू लागते. म्हणजे आडवा असताना ते तळाशी अडूनच होते. बारीक मातीखाली खडी आली की तेच घडते: माती खालून पुरती भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरत नाही आणि चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो.

या कोड्यामागचे विज्ञान एडगर बकिंगहॅम यांचे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यांना ‘पाय प्रमेया’मुळे ओळखतात, त्याआधी ते अमेरिकेच्या कृषी खात्यात मातीचा अभ्यास करत होते, हे फारसे कुणी सांगत नाही. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी किती ओढून धरतात यावर त्याची वाटचाल ठरते, हे त्यांनी 1907च्या अहवालात मांडले. बागकामाच्या सल्ल्यांपर्यंत ते अजून पोचायचे आहे.

तेव्हा वाफ्याला तळ नकोच. खालची जमीन वाफशावर असताना कुदळीने फोडून तिच्यात शेणखत मिसळावे आणि त्यावर माती चढवावी. कडेला उभ्या विटा पुरतात. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मात्र टाळावेत, त्यांत क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल मुरलेले असते. रुंदी मीटरभर ठेवली की दोन्ही बाजूंनी हात पोचतो. गुडघाभर उंची वाकता न येणाऱ्यांसाठी ठीक. पण दोन मीटर लांब वाफा 60 सेंटिमीटर उंच करायचा तर सव्वा घनमीटर माती लागते, आणि ती ओली झाली की वजन दोन टनांच्या आसपास जाते. शिवाय वाफा जितका उंच तितका तो उन्हाळ्यात लवकर सुकतो, म्हणून फेब्रुवारीपासूनच त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन लागते. खत कुजून वाफा दरवर्षी थोडा खाली बसतो. मृगाआधी दोन-चार घमेली कंपोस्ट टाकून तो पुन्हा वर आणावा.