सांगायचं राहून जाऊ नये म्हणून

सकाळी 6.30

पाणी भरून होईपर्यंत कुणाला फोन करायचा नाही, हा आमच्या कामातला अलिखित नियम. मुंबईतल्या कांजूर पूर्वेच्या वस्तीत नळाची वेळ चुकली की पुढचा दिवस चुकतो. पाणी गेलं की माझा फोन वाजू लागतो. "ताई, आज सेंटरला जमणार नाही, मॅडम सुट्टी देत नाहीत." "ताई, गोळ्या तीनच दिवसांच्या उरल्यात." "ताई, पोरगी विचारतेय." हे तिसरं वाक्य कानावर आलं की मी बाकीची कामं मागे सारते.

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या कुटुंबांत माझं काम आहे. औषधं, तपासण्या, शाळा, रेशन हे त्यात येतंच. पण मी जिवापाड जपते ते आठवणींच्या वहीचं काम. आईनं किंवा बापानं मुलासाठी लिहायची वही. लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगायचं, मी उतरवून घ्यायचं. नावं इथे कुणाचीच देणार नाही. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं या माणसांना गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कायदा नसता तरी दिली नसती.

सकाळी 7.30

संस्थेचं नाव असलेली पिशवी मी वस्तीत नेत नाही. शेजाऱ्यांसाठी मी बचत गटाची ताई. दहा बाय बाराच्या खोलीत पत्र्यापलीकडचा खोकलाही ऐकू येतो, म्हणून इथे आजाराचं नाव कुणी घेत नाही. गोळी 'ताकदीची' असते आणि रुग्णालय नुसतं 'सेंटर'.

या घरातली आई पवईच्या इमारतींत घरकाम करते. नवरा 2016 साली गेला. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. आज तिनं कामावर खाडा केलाय, कारण मुलीला घेऊन शीवला जायचंय. भाकऱ्या थापता थापता ती हळू आवाजात सांगते, मी लिहिते. आजचं पान बापाचं. तो वाशिष्ठी नदीत पोहायचा. बंद पडलेला रेडिओ उघडून बसला की जेवायचं भान राहायचं नाही. आणि पालीला घाबरायचा, इतका की भिंतीवर पाल दिसली की घराबाहेर. हे सांगताना तिला हसू आवरत नाही. "हे लिहाच, ताई. पोरीला वाटतं, तिचा बाप फोटोतल्यासारखा गप्पच होता."

अशा वह्यांत मी मोठमोठे उपदेश लिहून घेत नाही. 'खूप शीक, मोठी हो' हे कुठलीही आई म्हणेल. पालीला घाबरणारा बाप या एकाच मुलीचा आहे.

सकाळी 10.30

कांजूरहून धीम्या लोकलनं शीव. तिथल्या महापालिकेच्या रुग्णालयात एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी वेगळं केंद्र आहे. बाकड्यावर गणवेशातली मुलं बसलेली असतात, अर्धा दिवस शाळा बुडवून. शाळेत कारण काय सांगायचं, हे दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं.

वहीची ही पद्धत आमची नाही. 1990च्या दशकात युगांडातल्या बाधित स्त्रियांच्या 'नॅकवोला' या संघटनेनं ती गावोगावी नेली. पुढे दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलु-नाताल विद्यापीठाच्या सिनोमलांडो केंद्रानं आठवणींच्या पेट्यांचं मोठं काम उभं केलं. तेव्हा तिथे औषध गरिबांच्या हाती लागत नव्हतं. आई जाणार हे ठरलेलं असायचं, आणि तिच्यामागे मुलाला आपण कोण, कुठले हे कळावं म्हणून ती लिहायची. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत मिळू लागली 1 एप्रिल 2004 रोजी. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. आज बहुतेक मोठ्यांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते, आणि ती नियमित घेणारी बाई नातवंडं बघेल असं डॉक्टर सांगतात.

मग वही कशाला, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर असं की या घरांत मरणापेक्षा गप्प राहण्यानं जास्त नासधूस केली आहे. नवरा गेला, सासरच्यांनी बाईला बाहेर काढलं, गाव तुटलं, आणि मुलांसमोर त्या माणसाचा विषयच बंद झाला. आई जिवंत आहे, धडधाकट आहे, पण बोलत नाही. वहीच्या निमित्तानं ती बोलते. माझ्यासमोर बोलली की मुलांसमोर बोलायची हिंमत येते.

शाळकरी वयाच्या मुलांना त्यांच्या आजाराबद्दल सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 साली स्पष्टपणे मांडलं. सांगायचं ते टप्प्याटप्प्यानं. लहानांना समुपदेशक सांगतात की अंगात सैनिक असतात, गोळी त्यांना बळ देते. आजाराचं नाव नंतर येतं. आमच्या या मुलीनं मात्र बाटलीवरचं नाव मोबाइलवर शोधून आधीच वाचलं होतं. चार दिवस ती आईशी बोलली नाही. म्हणून आजची फेरी.

समुपदेशनाच्या खोलीत आईचे हात थरथरत होते. मुलगी विचारणार, बाबांमुळे झालं का. त्यावर काय बोलायचं याची तिनं मनात उजळणी केली होती. मुलीनं ते विचारलंच नाही. ती म्हणाली, "मग धाकट्याला का नाही?"

आई खाली बघत राहिली. मी वही पुढे केली. त्यात ते पान होतं, गेल्या पावसाळ्यात सांगून लिहून घेतलेलं: तुझ्या वेळी गावात माझी तपासणी झालीच नाही, मला काही ठाऊक नव्हतं. त्याच्या वेळी ठाऊक होतं, मी पोटुशी असताना गोळ्या घेतल्या. तुझ्या वेळी कळलं असतं तर तुझ्यासाठीही घेतल्या असत्या. समुपदेशकांनी त्याला आकड्यांची जोड दिली. उपचार नसतील तर बाधित आयांच्या शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. मुलीनं ते पान दोनदा वाचलं. मग आईला विचारलं, "त्याला सांगितलंस?" "नाही." "मी सांगेन," ती म्हणाली, "पण दहावीनंतर."

परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. मी मुद्दाम पुढच्या डब्यात चढले.

दुपारी 2

कागदांची वेळ. वहीसोबत आम्ही आठवणींची पेटीही करतो. तिच्यात फोटो आणि बाळाची दुपटी असतात, असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्याकडच्या प्रत्येक पेटीत कागदांची एक फाइलही असते, आणि मला ती तितकीच मोलाची वाटते. मुलाचा जातीचा दाखला काढायचा तर सहसा पुरावा बापाकडचा मागतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा वास्तव्याचा पुरावा. म्हणजे आजोबांचा कागद. ज्या घरानं सुनेला हाकललं, त्याच घरात तो कागद ट्रंकेत पडलेला. दीर फोन उचलत नाहीत.

अशा वेळी वही उपयोगी पडते. सासरे कुठल्या वाडीतल्या शाळेत गेले, हे बाईला आठवतं, कारण नवऱ्यानं तिला ती शाळा लग्नानंतर दाखवली होती. मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिते: प्रवेश-निर्गम उतारा मिळावा. अर्जात आजाराचा उल्लेख करत नाही, करायची गरजच नसते. एका कार्यालयात खिडकीवरच्या माणसानं भर रांगेत एका बाईला मोठ्यानं विचारलं होतं, "नवरा कशानं गेला?" तेव्हापासून अर्ज द्यायला मी सोबत जाते.

बालसंगोपन योजनेचे दरमहा 2,250 रुपये, संजय गांधी निराधार योजनेचे 1,500, त्यांचे अर्ज आणि उत्पन्नाचा दाखला यांतच दुपार संपते.

सायंकाळी 5

मुलांचा गट. चित्रं, गोंद, जुने कॅलेंडरचे कागद, भेळ. एकानं गावाकडच्या वाटेचा नकाशा काढला. एसटीचा थांबा आहे, पुढे काय ते त्याला माहीत नाही. 'घरी विचार' एवढंच मी म्हणते.

रात्री 8

वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास घरात येतो, म्हणून खिडक्या बंद. दुसरं घर, इथली आई एकटी आणि दोन मुलं. तिच्या गोळ्या मध्यंतरी बदलाव्या लागल्या, त्यानंतर तिला आपल्यामागे मुलांचं काय याची चिंता लागली आहे. 2017च्या कायद्यात या घरांसाठी दोन तरतुदी आहेत, आणि दोन्ही फार कमी लोकांना माहीत आहेत. घर सांभाळणारं, समज असलेलं बारा वर्षांवरचं भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँकेचं खातं पाहू शकतं. आणि आई किंवा वडील मृत्युपत्र करून नात्यातल्या किंवा ओळखीतल्या सज्ञान माणसाला मुलांचा पालक नेमू शकतात. आपण गेल्यावर किंवा आपल्याला जमेनासं झाल्यावर लगेच तो पालक.

तिनं भावाला निवडलंय. तो चिपळूणहून आलाय, दारातच बसलाय. मसुदा मी वाचून दाखवला. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, त्यांना आतला मजकूर किंवा आजार कळायची गरज नाही, हेही सांगितलं. भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अक्के, सही मी आत्ता करतो. पण पोरं घरी आणायची तर बायकोला सांगावं लागेल. तिच्यापासून लपवून पोरं नांदायची नाहीत."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. सांगायचं की नाही, हे तिनं ठरवायचं. मी नाही, भावानंही नाही. तसं मी दोघांना सांगितलं. ती म्हणाली, वहिनीला रविवारी इकडेच बोलवा, मी स्वतः सांगेन. मग भावानं विचारलं की मोठ्याला दुधाची अॅलर्जी आहे ती कुठे लिहिलीय, आणि मी वहीचं ते पान काढून दिलं.