पाउणकीचा पाढा आणि ओहोटीची वेळ

चालू पक्षातली तिथी घ्यायची आणि तिला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यातून सव्वासहा तास वजा केले की ओहोटी, सकाळी नऊच्या आत-बाहेर. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावरचे जुने मच्छीमार असाच हिशेब करत आले आहेत. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे त्याचीच सोपी गोळाबेरीज.

तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात समुद्राची ओळख या गणिताने व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. शाळेची सहल बसच्या सोयीने निघते. नेमकी पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराला पोचली, तर त्या वेळी भरती असते आणि मुलांना नुसतं पाणी दिसतं. तृतीया-चतुर्थीची सकाळ मात्र सर्वांत सोयीची. उधाणाचा जोर अजून टिकलेला असल्याने पाणी खूप मागे जातं आणि खडक उघडे पडतात.

वाळूवर मटकीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसली की मुलांना तिथेच बसवावं. हालचाल थांबली की नखाएवढे खेकडे बिळातून वर येतात. नांगीने वाळू तोंडात भरतात, कणांवरचं शेवाळ आणि सेंद्रिय थर खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. पुढची भरती सगळं पुसून टाकते. गोळ्या बिळापासून किती लांब पोचल्या आहेत, यावरून खेकडा केव्हापासून जेवतोय याचा अंदाज मुलांनीच बांधावा. खडकावरचे बार्नकल ओहोटीत कवचाची झडप मिटून बसलेले असतात. पाण्याने भरलेल्या खळग्यात मात्र ते पिसासारखे पाय बाहेर काढून अन्न गाळताना सापडतात.

कोळीवाड्यातल्या मुलांना इथे बोलू द्यावं. कुर्ली उलटी करून पोटावरची पट्टी अरुंद दिसली तर नर, रुंद-गोल असेल तर मादी, हे त्यांना घरच्या स्वयंपाकघरातच कळलेलं असतं. मादी त्या पट्टीखाली अंडी सांभाळते, एवढं शिक्षकांनी जोडलं की पुरे. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट 2017पासून अशा किनारफेऱ्या काढतो. गावच्या शाळेला तर समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

शंख-शिंपले उचलू द्यायचे नाहीत, कारण रिकाम्या शंखात उद्या एखादा शंखवासी खेकडा राहायला येणार असतो. जिवंत शंखांना तर हातच लावायचा नाही. त्यांतल्या काहींचा दंश विषारी असतो. दगड शिक्षकांनीच उलटावा आणि लगेच पूर्वीसारखा ठेवावा, नाहीतर खालचे स्पंज आणि कृमी उन्हाने वाळतात. ओहोटीची वेळ गाठली की मुलांना किनाऱ्याकडे वळवायचं; पाणी परत फिरताना आधी खडकांमधल्या घळी भरते आणि मागची वाट बंद होते.