मूल हवे की नको, हे कोण ठरवणार?

वस्तीतल्या बाईला एचआयव्ही असल्याचे कळले की सगळे तिच्याबद्दल बोलतात, तिच्याशी मात्र कोणी बोलत नाही. सासू म्हणते, वंशाला दिवा हवा. शेजारीण म्हणते, आता कशाला पोर? दवाखान्यात विचारतात, ऑपरेशन कधी करणार? दिवसाची मजुरी बुडवून गोळ्यांच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या या बाईला स्वतःला काय हवे, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी हे विसरू नये. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सरकारने जनतेत त्याचा प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी द्याव्यात, ही त्यातली मागणी होती. सभागृहाने तो ठराव फेटाळला. त्यात मागणी होती ती ज्ञानाची आणि सोयीची, सक्तीची नव्हे.

आज एचआयव्हीबाधित बाईला हेच दोन्ही हवे आहे. उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात १५ ते ४५ असतो. आईने वेळेवर व नियमित औषधे घेतली आणि बाळालाही औषध दिले, तर तो पाचाच्याही खाली येतो. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत मिळतात. म्हणजे, 'तुला मूल होताच कामा नये' हे सांगणे शास्त्राला धरून नाही. आणि जिला मूल नको, तिला निरोध, तांबी, गोळ्या, शस्त्रक्रिया या सगळ्यांची माहिती मिळाली पाहिजे. तांबी किंवा ऑपरेशन गर्भ रोखते, विषाणू रोखत नाही. त्यासाठी निरोध लागतोच. पण निरोध वापरणे नवऱ्याच्या मर्जीवर असते. म्हणून समुपदेशन एकट्या बाईचे करून भागणार नाही, नवऱ्यालाही समोर बसवावे लागेल.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्हीबाधित गर्भवतीची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. पण प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या बाईचा कागदावर घाईघाईने घेतलेला अंगठा, ही संमती कशी म्हणायची? संमती घ्यायची तर तिच्या भाषेत, सवडीने आणि चार माणसांसमोर तिचा आजार उघडा न पाडता घेतली पाहिजे. एआरटी केंद्रातच कुटुंब नियोजनाचा सल्ला मिळाला, तर तिला दुसऱ्या खिडकीवर आपला आजार पुन्हा सांगावा लागणार नाही.

आपल्या बुद्धविहारांत, महिला मंडळांत जयंतीची वर्गणी ठरते, मिरवणुकीचा मार्ग ठरतो. या प्रश्नावर मात्र आपण गप्प का? लाज वाटते म्हणून? लाज वाटायचीच असेल तर या मौनाची वाटावी. कार्यकर्त्यांनो, आपल्या वस्तीतल्या या भगिनीला दवाखान्यात एकटी पाठवू नका. सोबत जा, तिचे गुपित जपा. निर्णय मात्र तिचा तिलाच घेऊ द्या.