दर्शनी दार आणि आतील यंत्रणा

इमारतीची रस्त्याकडील दर्शनी बाजू म्हणजे ‘फसाड’. वास्तुकलेतील हा मूळचा फ्रेंच शब्द. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्लिसिडिस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संगणकाच्या आज्ञावलीसाठी २३ रचना वर्णिल्या. त्यांतील एकीस हेच नाव आहे.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत आज्ञावलीचे काम अनेक ऑब्जेक्टांकडे वाटून दिलेले असते. माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया एकत्र बांधल्या की ऑब्जेक्ट होतो. एका कामासाठी पाच-सहा ऑब्जेक्टांना ठरावीक क्रमाने पाचारण करावे लागले, तर तो क्रम ठिकठिकाणी लिहावा लागतो, आणि आत काही बदलले की सर्वत्र दुरुस्ती ओढवते. फसाड हा या समूहापुढे उभा केलेला एक ऑब्जेक्ट होय. बाहेरची मागणी तो साध्या स्वरूपात स्वीकारतो व आत योग्य त्याकडे सोपवितो. उपरोक्त ग्रंथातील उदाहरण कंपायलरचे आहे. मजकुराचे तुकडे पाडणारा, व्याकरण तपासणारा, यंत्रास समजतील अशा आज्ञा तयार करणारा, असे निरनिराळे ऑब्जेक्ट आत राबतात. वापरणारा मात्र एका कंपायलरशीच बोलतो. आतल्या दारास कुलूप नसते, हेही ध्यानात घ्यावे. ज्यास विशेष गरज असेल त्याने थेट आत जावे.

या रचनेची कसोटी डिसेंबर २०२१ मध्ये लागली. जावा भाषेतील आज्ञावल्यांत घडामोडींची नोंद ठेवणारी ‘लॉग-फोर-जे’ ही यंत्रणा जगभर वापरात होती. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खुणांनी वेढलेला परका पत्ता आला, की तिच्या सदोष आवृत्त्या त्या पत्त्यावरील आज्ञा आणून चालवू शकत. अर्थात, कोणा अनोळखी व्यक्तीने पाठविलेली एक ओळ सर्व्हर ताब्यात देण्यास पुरेशी होई! ज्यांनी ‘एसएलएफ-फोर-जे’मार्फत नोंदी केल्या होत्या (हिच्या तर नावातच फसाड आहे), त्यांना मागील यंत्रणा काढून दुसरी बसविणे शक्य होते, स्वतःच्या आज्ञावलीतील नोंदींची ओळ न् ओळ बदलण्याची आवश्यकता नव्हती.

परंतु ज्या सोयीमुळे आत पाहावे लागत नाही, तीच सोय आत पाहण्याची सवय घालविते. आपल्या दाराआड लॉग-फोर-जे आहे काय, हेच अनेकांस ठाऊक नव्हते. इतरांकडून घेतलेल्या घटकांच्या पोटात ती दडलेली असे. तिचा शोध चालू असतानाच पहिल्या दुरुस्तीतही उणीव आढळली आणि त्याच महिन्यात आणखी सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या.