निर्यातीचा माल व मधल्या दिवसांचा पैसा

वरुड-मोर्शीकडील बागाईतदारांनीं आपल्या संत्र्यांची निर्यात आपणच करावी, असें आतां जो तो म्हणूं लागला आहे. सभांतून तसे ठराव होतात व टाळ्याही पडतात. प्रस्तुत लेखकास ही गोष्ट इष्टच वाटते. परंतु निर्यातीची चर्चा निघाली कीं ती भाव, अनुदान व आयातकर या तीन गोष्टींभोंवतींच फिरते. माल बगीच्यांतून निघाल्यापासून परदेशच्या ग्राहकाचा पैसा हातीं पडेपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांचा खर्च कोणीं सोसावयाचा, हें कोणी विचारीत नाहीं. लहान निर्यातदार अडतो तो बहुधा याच ठिकाणीं.

वऱ्हाडास हें नवें नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. पुढें आगगाडी आली. १८७० मध्यें खामगांवचा फांटा लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खुला झाला. अकोला, अमरावती, खामगांव येथें जिन-प्रेस उभे राहिले, आणि रॅली ब्रदर्स, व्होलकार्ट अशा परदेशी पेढ्या येथील कापूस खरेदी करून विलायतेस धाडूं लागल्या. १८८६ सालीं कारंजा येथें कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला व १८९७ मध्यें वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं स्वतंत्र कायदाच झाला. मापांतील व दलालींतील लबाडीवर त्यामुळें कायद्याची नजर आली. तथापि कापूस पिकविणारा स्वतः निर्यातदार झाला नाहीं. गठाण मुंबईहून लिव्हरपूलास पोंचून तिचे पैसे परत येईपर्यंत थांबण्याची ऐपत पेढीपाशीं होती. शेतकऱ्यास पेरणीच्या वेळचें सावकाराचें देणें फेडावयाचें होतें. जो थांबूं शकला, मधला नफा त्याचा झाला.

संत्र्यांत आज तेंच चालूं आहे. आंबिया बहाराचीं फळें झाडावर हिरवीं असतांच व्यापारी येतो, उभा बगीचा नजरेनें अजमावतो, इसार देतो आणि सौदा ठरवितो. पुढें बाजार पडला कीं तोच व्यापारी तोडणी लांबवितो आणि भाव कमी करून मागतो. त्यास नुसता दोष देऊन काय होणार? तोडणीची मजुरी, पेट्या, ट्रकचें भाडें, पेट्रापोल-बेनापोलच्या सीमेवरील खोळंबा, हा सारा भार तो आपल्या गांठच्या पैशावर वाहतो, आणि त्याचें व्याज आपल्या भावांतूनच कापून घेतो.

बांगलादेशानें आपल्या संत्र्यांवरील आयातकर २०१९ च्या सुमारास किलोमागें २० रुपये होता तो वाढवीत २०२३ मध्यें ८८ रुपयांवर नेला. तेव्हां राज्य सरकारानें त्याचा निम्मा भार, म्हणजे किलोमागें ४४ रुपये, उचलण्याचें ठरविलें व त्यासाठीं १६९ कोटि ६० लाख रुपये मंजूर केले. मदत मोठी खरी. पण असें कोणतेंही अनुदान मागाहून मिळतें, आणि ज्याच्या नांवें निर्यातीचे कागद त्यासच मिळतें. उभा बगीचा विकून मोकळ्या झालेल्या बागाईतदारास त्यांत काय मागतां येणार? एकाच गिऱ्हाइकावर विसंबणेंही बरें नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्यें अपेडाच्या पुढाकारानें नागपुरी संत्र्यांचा शीत-कंटेनर वाशीहून दुबईस रवाना झाला. वाट दूरची तितके थांबण्याचे दिवस अधिक, हें मात्र विसरूं नये.

या थांबण्याच्या दिवसांसाठीं बँकेचें कर्ज दोन प्रकारचें मिळतें. माल जहाजावर चढण्यापूर्वींचें जें कर्ज त्यास पॅकिंग क्रेडिट म्हणतात. परदेशच्या ग्राहकाची पक्की लेखी मागणी, किंवा त्याच्या बँकेचें लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे पतपत्र, या आधारावर तोडणी, प्रतवारी, पेट्या व वाहतूक यांसाठीं ही रक्कम देतात, व ती निर्यातीच्या पैशांतूनच फिटावी अशी अट असते. दुसरें कर्ज माल गेल्यानंतरचें. जहाज-पावती, बीजक वगैरे कागद बँकेच्या स्वाधीन करावे. बँक ती हुंडी वटवून रक्कम आधीं देते व ग्राहकाकडून पैसे आल्यावर आपली वसुली करून घेते. आपल्या पूर्वजांस हुंडी ठाऊक होतीच. फरक इतकाच कीं येथें सावकाराच्या ओळखीऐवजीं कागद बोलतो.

गेल्या एका हंगामांत आमच्या तालुक्यांतील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे कागद पाहण्याचें काम मजकडे आलें. आखातांतील एका व्यापाऱ्यानें एक कंटेनर संत्रीं मागितलीं होतीं. भाव चांगला होता. मंडळी उत्साहानें बँकेंत गेली. साहेबांनीं विचारलें, "मागणीपत्र कोठें आहे?" अध्यक्षांनीं मोबाईल पुढें केला, त्यांत बोलून पाठविलेले दोन निरोप होते! भाव कोणत्या बंदरापर्यंतचा, फळ किती मोठें, पैसे किती दिवसांनीं, कशाचाच उल्लेख नाहीं. शिवाय कंपनीचें नांव एक आणि पुढें केलेलें खातें अध्यक्षांच्या स्वतःच्या नांवावर. लेखी मागणी आणविण्यांत व खातें उघडण्यांत अठरा दिवस गेले. तेवढ्यांत फळ गळूं लागलें आणि बगीचे गांवच्या व्यापाऱ्यासच द्यावे लागले, तेही पडत्या भावानें. बँकेचा अर्ज मींच लिहिला होता. तहसील कचेरींत जन्मभर फेरफार लिहिणाऱ्या माणसास मूळ दस्तऐवज आधीं पाहण्याचें सुचूं नये, याची खंत मला अजून आहे.

विम्याविषयीं लोकांत बराच गैरसमज आहे. १९५७ सालीं सरकारानें स्थापन केलेली व आज ई. सी. जी. सी. या नांवानें चालणारी संस्था निर्यातीच्या उधारीचा विमा उतरते. ग्राहकानें दिवाळें काढलें, पैसे बुडविले, किंवा त्याच्या देशांत युद्ध वा आयातबंदी उद्भवली, तर बुडालेल्या रकमेचा ठरलेला हिस्सा ती भरून देते. असा विमा असला कीं कर्ज देतांना बँकही कमी कचरते. परंतु फळ आपल्या नाशवंत स्वभावानें कुजलें, किंवा माल हलका आहे असा तंटा ग्राहकानें काढला, तर ही भरपाई सहसा मिळत नाहीं; तंट्यांत ग्राहकाच्या देशांतील न्यायालयाचा हुकूमनामा आणावा लागतो. म्हणून प्रतवारी, आणि पेटी भरतांना घेतलेलीं छायाचित्रें, यांची हेळसांड करूं नये. वाटेंतील नुकसानीचा सागरी विमा निराळा.

शेड व शीतगृह बांधण्यासाठीं २०२० पासून कृषि पायाभूत सुविधा निधीची योजना आहे. तींत दोन कोटि रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षें तीन टक्के व्याज-सवलत आहे. योजना चांगली, पण ती इमारतीसाठीं आहे, मधल्या दिवसांसाठीं नव्हे. आधीं शेड बांधून मग ग्राहक शोधणाऱ्या कंपन्या मीं पाहिल्या आहेत; त्यांच्या शेडांत आज सोयाबीनचीं पोतीं दिसतात. लहान निर्यातदारांस कर्जाच्या व्याजांत सूट देणारी जुनी योजना ३१ डिसेंबर २०२४ रोजीं संपली, तरी जुन्या माहितीपत्रकांतून ती अजून छापलेली आढळते. नोव्हेंबर २०२५ मध्यें केंद्र सरकारानें निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केलें आहे. त्याखालीं आपणांस काय लागू पडतें, तें बँकेंत लेखी विचारून घ्यावें.

आतां कागदांविषयीं. परदेश व्यापार महासंचालनालयाचा दहा अंकी आयात-निर्यात संकेतांक पाचशें रुपये शुल्कांत घरबसल्या निघतो, आणि त्याचें कार्यालय नागपुरासही आहे. संकेतांक, चालू खातें व पॅन या तिन्हींवर नांव अक्षरशः एकच असावें. अपेडाकडे नोंदणी करावी, व माल ज्या बंदरांतून जावयाचा तेथें बँकेचा ए. डी. कोड सीमाशुल्क खात्याकडे नोंदवून घ्यावा. बगीचा नोंदवितांना सात-बारा लागतो, आणि आपल्याकडे अर्ध्या बगीच्यांच्या उताऱ्यावर अजून आजोबांचें नांव असतें! वारसाचा फेरफार मंजूर होण्यास किती काळ लागतो, हें मला कोणीं सांगावयास नको. म्हणून तें काम पहिलें. संत्र्यासारख्या पिकांसाठीं राज्यांत आशियाई विकास बँकेच्या साह्यानें जो मॅग्नेट प्रकल्प चालला आहे, त्याच्या कार्यालयांतही एक खेप घालावी.

आंबियाची तोडणी ऑक्टोबरांत सुरू होते. फेरफार, संकेतांक, खातें व नोंदणी मृग नक्षत्रापूर्वींच उरकावीं. पेरणी लागल्यावर कचेरीच्या खेपा घालण्यास कोणासही सवड नसते.